दीर्घ अनुपस्थितीपूर्वी शीतकपाटाची व्यवस्था

घर काही आठवडे किंवा महिने बंद राहणार असेल, तर शीतकपाट अर्थात फ्रिज आणि त्यातील फ्रीझर रिकामा करून बंद ठेवावा लागतो किंवा निगराणीखाली चालू ठेवावा लागतो. यांपैकी काहीच न केल्यास अन्न नासते, कपाटात बुरशी व दुर्गंधी धरते आणि परतल्यावर दूषित अन्न नकळत खाल्ले जाण्याचा धोका राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील राहाता तालुक्यात हा प्रश्न अनेक घरांत उद्भवतो. पेरूच्या बागा आणि दुग्धव्यवसाय यांसाठी परिचित असलेल्या या भागातील कुटुंबे आषाढी वारीला तीन-चार आठवडे, नर्मदा परिक्रमेला काही महिने, तर परदेशातील मुलांकडे त्याहूनही अधिक काळ जातात. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. वारीचे दिवस तर वळवाच्या वादळांना आणि मोसमी पावसाच्या आरंभाला लागूनच येतात. खांब पडून वा तारा तुटून वीज जाण्याचे प्रकार याच काळात अधिक होतात.

== चालू ठेवावे की बंद करावे ==

विजेची बचत हे बंद करण्याचे मुख्य कारण नाही. ऊर्जा कार्यक्षमतेच्या तारांकित लेबलवर वार्षिक वीजवापर छापलेला असतो. तो १८० युनिट असल्यास २१ दिवसांचा वापर सुमारे १० युनिट भरतो. खरा प्रश्न, वीज गेल्याचे कळायला घरात कोणी आहे का, हा असतो.

दार न उघडल्यास शीतकप्पा सुमारे ४ तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठण धरून ठेवतो. बंद घरात दोन-तीन दिवस वीज नसेल, तर अन्न वितळते, त्यात जिवाणू वाढतात आणि वीज आल्यावर ते पुन्हा गोठते. वरून सारे पूर्ववत दिसते. गोठल्याने जिवाणूंची वाढ थांबते, ते सर्व मरत नाहीत. शिवाय स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. खवा, पुरण, शिजवलेली भाजी किंवा मांस ‘चांगले गरम करून’ वापरण्याचा घरगुती उपाय म्हणूनच येथे निरुपयोगी ठरतो.

शेजारी दोन दिवसांआड पाहून जाणार असतील आणि अनुपस्थिती दोन-तीन आठवड्यांची असेल, तर नाशवंत पदार्थ काढून कपाट चालू ठेवता येते. त्याहून मोठ्या काळासाठी ते बंद करणेच सुरक्षित. शेतातील वस्तीवरील घराला शेतीपंपांच्या वाहिनीवरून वीज मिळत असेल आणि ती ठरावीक तासांपुरतीच असेल, तर चालू ठेवण्याचा पर्याय उरत नाही.

चालू ठेवताना पेल्यात अर्धे पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवण्याची पद्धत रूढ आहे. परतल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसल्यास बर्फ मधल्या काळात वितळला होता हे कळते आणि फ्रीझरमधील अन्न टाकून द्यावे लागते. मात्र नाणे वर राहिले म्हणून खालच्या कप्प्यातील पदार्थ चांगले आहेत, असे सिद्ध होत नाही.

== रिकामे करणे ==

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून नवी खरेदी थांबवून साठा संपवणे सोयीचे असते. दूध, दही, लोणी, कोथिंबीर, ओले वाटण, खवलेले खोबरे, फ्रीझरमधील आमरस व मटार वापरावेत किंवा वाटून टाकावेत. थोडे विरजण शेजारी दिले, तर परतल्यावर दही पुन्हा लावता येते. किडीच्या भीतीने फ्रिजमध्ये ठेवलेला रवा व सुकामेवा कोरड्या हवाबंद डब्यात बाहेर काढता येतो. तो लांब काळ मात्र टिकेलच असे नाही. पिकलेला पेरू एखादाही आत राहू देऊ नये, कारण त्याचा वास प्लास्टिकच्या भागांत मुरतो.

न उघडलेले इन्सुलिन आणि जनावरांच्या बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. कपाट बंद करण्यापूर्वी त्यांची सोय दुसऱ्या चालू शीतकपाटात करावी. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही.

== बंद करणे ==

प्रथम प्लग काढून फ्रीझरमधील बर्फ आपोआप वितळू द्यावा लागतो. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये याला कित्येक तास लागतात, म्हणून हे काम आदल्या दिवशी करणे इष्ट. सुरी किंवा उलथन्याने बर्फ खरवडल्यास शीतनलिकेला छिद्र पडून वायू गळू शकतो. अनेक नव्या फ्रिजमधील आयसोब्यूटेन हा वायू ज्वलनशीलही असतो. वितळलेले पाणी फ्रीझरखालच्या तबकात साठते. बर्फ न धरणाऱ्या ‘फ्रॉस्ट-फ्री’ प्रकारात ते मागील बाजूस कॉम्प्रेसरजवळच्या भांड्यात जाते आणि हे भांडे बहुधा विसरले जाते.

नंतर १ लिटर कोमट पाण्यात २ चमचे खाण्याचा सोडा घालून आतील भाग पुसतात. दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या, भाजीच्या कप्प्याचा तळ आणि पाणी जाण्याचे छिद्र येथे बुरशी आधी धरते. पूर्ण कोरडे झाल्यावर दार बंद करू नये. ओल आत कोंडली, तर आठवड्याभरातच काळे ठिपके उमटतात. गुंडाळलेला पंचा दारात अडकवून फट ठेवतात आणि पाल व झुरळे आत जाऊ नयेत म्हणून तिच्यावर जाळीचे कापड लावतात. मागच्या बाजूला उंदीर वायर कुरतडत नाहीत ना, हे किल्ली ठेवलेल्या शेजाऱ्याने अधूनमधून पाहणे उपयोगी पडते.

उघड्या फ्रिजमध्ये लहान मूल शिरून अडकू नये, म्हणून दाराची फट पक्की अडवावी लागते. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुले गुदमरल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने १९५६ मध्ये दार आतून उघडता येईल अशा रचनेची सक्ती करणारा कायदा केला.

== परतल्यानंतर ==

कपाट पुसून, दार बंद करून वीज जोडतात. ते हलवले किंवा आडवे केले असल्यास आधी काही तास उभे राहू देतात. शीतकप्पा ४ अंश किंवा त्याखाली आणि फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत आल्यावरच अन्न आत ठेवतात. उन्हाळ्यात यास अख्खा दिवसही लागू शकतो.