सिस्टर, डॉक्टर, आशाताई: यांची विचारपूस कोणी केली?

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने गेल्या, हे तुम्ही शाळेत वाचले असेल. आजारी मुलाला त्यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले आणि त्यातूनच त्यांना लागण झाली. मला मात्र नेहमी यशवंतांचा विचार येतो. स्वतःच्या दवाखान्यात सेवा करताना आई गेली, त्या डॉक्टरने पुढचे दिवस कसे काढले असतील? तेव्हा हे विचारायची पद्धतच नव्हती.

विचारायला शब्दही उशिरा मिळाला. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांच्या थकव्याला 'बर्नआऊट' म्हटले. ते स्वतः त्याच थकव्यातून गेले होते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे मांडली: पार गळून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि 'माझ्याकडून काही होत नाही' ही भावना. हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था आहे, असेही तिने स्पष्ट केले.

आपल्या भागात उपचारांची परंपरा मोठी. मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून. मनाच्या आजारासाठी मात्र खंबाटकी ओलांडून येरवडा, नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरी. तिथे कोणती सिस्टर 'मला झोप येत नाही' एवढे सांगायला जाणार? मिरजेतच एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेमार्फत व्यसनमुक्तीचे काम उभे केले. आपल्या पेशाला ते जवळचेच आहे. ड्यूटीनंतरचा 'झोपेपुरता' पेग आमच्यातही असतो. आम्ही बोलत नाही, इतकेच.

मग ती तीन वर्षे आली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित निघाले, आणि काही दिवसांत आकडा विशीच्या पुढे गेला. २०२१ ची दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरत होती तेव्हाही सातारा-सांगलीचे निर्बंध उठले नव्हते. त्यातच जुलैमध्ये सांगलीत पुन्हा पूर आणि पाटण तालुक्यात दरडी. लसीकरण, पूरग्रस्तांची तपासणी आणि कोविड वॉर्ड, सगळे त्याच माणसांवर. सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा काढला, तो आवश्यकच होता. पण तो मृत्यूनंतरचा. जिवंत राहून रात्री दचकून उठणाऱ्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सुरू आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ती सर्वांसाठी आहे, म्हणजे तुमच्यासाठीही.

"पण गावात सगळे ओळखतात," हे मी कितीदा ऐकले आहे. भीती खोटी नाही. आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढायला कोणाला आवडेल? म्हणून सांगलीकरांनी साताऱ्याचा मानसोपचारतज्ज्ञ शोधावा, सातारकरांनी मिरजेचा. यात काही लाजिरवाणे नाही. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा (लागू २९ मे २०१८) तुमच्या उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क मानतो. तुमचा वरिष्ठ सहज चौकशी करून ती माहिती मिळवू शकत नाही.

एकच गोष्ट करू नका. झोपेची गोळी वॉर्डच्या कपाटातून स्वतःच काढून घेऊ नका. आमच्या पेशाला ती मोकळीक आहे आणि तीच घात करते. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि फोन लावा. पहिले वाक्य सुचत नसेल तर "मी सिस्टर आहे, तीन आठवडे नीट झोप नाही" एवढे बोलले तरी चालते. पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते.