घराच्या कागदावरील नाव

घर बाईचे, असे सारेच म्हणतात. पण घराच्या कागदावर तिचे नाव केव्हा आले, हे थोडक्यात सांगावे म्हणून मी हे लिहीत आहे.

आपल्या मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूंना आधार मिळाला. परंतु तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी चाळींकडे पाठ फिरविली. घरे कोसळू लागली, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. रहिवाशांनी उपकर द्यावयाचा, सरकारने त्यात भर घालावयाची आणि त्यातून जिने, तुळया, सज्जे सावरावयाचे, अशी ती योजना. मदत इमारतीला मिळाली. भाडेपावतीवर नाव मात्र बहुधा घरधन्याचेच राहिले.

पुढे जून २०१५ मध्ये शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना आली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना गृहकर्जाच्या ६ लाखांपर्यंतच्या रकमेवर ६.५ टक्के व्याज-अनुदान मिळू लागले; ते मार्च २०२२ पर्यंत चालले. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यास वा वाढविण्यास केंद्राकडून दीड लाख रुपये ठरले. नवे घर कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा पतिपत्नींच्या जोडनावाने हवे, ही अट मला रकमेहून मोलाची वाटते. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने स्त्रीच्या नावे घेतलेल्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सूटही दिली.

भगिनींनो, अनुदान एकदाच मिळते. नाव कायम राहते. म्हणून सहीपूर्वी कागद नीट वाचून घ्यावा आणि आपल्या नावाची जागा कोरी राहू देऊ नये.