बॉल पायथनचं पिल्लू चावतं का? खाऊ घालण्याची आणि हाताळण्याची रीत

हातभर लांबीचं, तपकिरी-काळ्या ठिपक्यांचं पिल्लू हात पुढे केला की मान 'एस'सारखी वळवतं, फुस्स करतं आणि क्षणात टोचून मागे सरतं. अमेरिका-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी बॉल पायथन येतो, आणि पहिल्याच आठवड्यात हा अनुभव आला की आईवडिलांचा जीव घाबरतो. साप बिनविषारी आहे हे दुकानदाराने सांगितलेलं असतं. पण चावणारा साप मुलाच्या हातात द्यायचा कसा? इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांतही परदेशी प्राणी पाळण्याची हौस वाढते आहे, त्यामुळे हा प्रश्न आता इकडेही विचारला जातो.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षे जगभर निर्यात होत आला. भीती वाटली की डोकं मध्ये घालून अंगाचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. पूर्ण वाढल्यावर साधारण ३ ते ५ फूट, म्हणजे आपल्या धामणीपेक्षाही आखूड, पण अंगाने जाड. नीट सांभाळला तर २०-३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. दहावीतल्या मुलासाठी आणलेला साप त्या मुलाच्या लग्नानंतरही घरात असू शकतो, हे आणण्याआधीच ध्यानात घ्यावं.

आधी कायद्याचं

भारतातला कुठलाही साप घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो केंद्राचा असल्याने बेळगावात एक आणि कोल्हापुरात दुसरा असा प्रकार नाही. आपला अजगर, नाग, घोणस आणि धामण हे सगळे आता पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडून ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

इथे कायद्याहून मोठा धोका ओळखीचा आहे. शेतात, विहिरीच्या कडेला दिसलेलं 'अजगराचं पिल्लू' बऱ्याचदा घोणस असते. दोघांच्याही अंगावर गडद डाग, दोघंही जाड आणि सुस्त. मोबाईलवर बॉल पायथनचे व्हिडिओ पाहून कुणी घोणस उचलली तर पुढच्या सगळ्या सूचना निरर्थक. या लेखातली एकही गोष्ट रानातल्या सापाला लागू नाही. घरात साप निघाला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावं.

परदेशी सापाचं वेगळं. बॉल पायथन 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची असते. पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून साप घेऊच नये.

चावा दोन प्रकारचा

साप डूख धरतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. बॉल पायथनच्या चाव्यामागे सूड नसतो, राग नसतो. एक तर भूक असते, नाहीतर भीती. दोन्हींवरचा उपाय वेगळा, म्हणून फरक ओळखता आला पाहिजे.

भुकेचा चावा घेण्याआधी पिल्लू बिळातून डोकं बाहेर काढून बसतं. जीभ भराभर आतबाहेर होते, हाताच्या हालचालीमागे डोकं हळूहळू फिरतं. मग झडप, आणि धरलं की सोडत नाही. बोटाला विळखाही घालतं. त्याच्या दृष्टीने तो उंदीर असतो. भीतीचा चावा याच्या उलट. आधी अंग आक्रसतं, मान मागे खेचली जाते, फुसफुस होते, मग एक फटका आणि लगेच माघार. पकडून ठेवायचं नसतंच, फक्त 'लांब राहा' एवढं सांगायचं असतं.

पिल्लांमध्ये हा भीतीचा चावा जास्त, आणि त्यात नवल नाही. अंड्यातून निघताना पिल्लू जेमतेम १०-१७ इंचांचं असतं. आफ्रिकेतल्या गवताळ रानात पक्षी, मुंगसासारखे प्राणी, मोठे साप अशा सगळ्यांचं ते खाद्य. वरून येणारी कुठलीही मोठी वस्तू म्हणजे मरण, हे त्याला उपजत ठाऊक असतं. माणसाचा हात वरूनच येतो. वय वाढतं, अंग भरतं, तशी ही धास्ती आपोआप उतरते. मोठा बॉल पायथन बहुधा चावण्याऐवजी चेंडू करून बसतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या सापाच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात उंदराचं गरम अंग त्यांच्यामुळेच सापडतं. उंदराला हात लावून, हात न धुता पेटीत घातला तर सापाला काय जाणवणार? वास उंदराचा आणि ऊबही उंदराची. अशा वेळी तो चावला तर चूक सापाची नाही. सापाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं हा चावे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खाणं

नवीन पिल्लू आणल्यावर पहिले पाच-सात दिवस त्याला हात लावू नये. पाणी बदलणं, घाण काढणं, बस. नातेवाइकांना दाखवण्यासाठी रोज बाहेर काढलेलं पिल्लू खातही नाही आणि चावतंही. आठवड्याने पहिलं खाणं द्यावं. दोन-तीन वेळा ते नीट खाल्लं की मगच हाताळणीला सुरुवात.

पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी एकदा, स्वतःच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त, असं खाणं पुरतं. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी, हा डोळ्यांनी ठरवायचा अंदाज. वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा. उपाशी ठेवून साप 'नरम' होत नाही, उलट भुकेचे चावे वाढतात. वेळापत्रक नेमकं असेल तर सापही खाण्याच्या दिवसांव्यतिरिक्त शांत राहतो.

खाणं म्हणून गोठवलेले उंदीर आणून वितळवून देतात. जिवंत उंदीर टाकणं लोकांना नैसर्गिक वाटतं, पण बंद पेटीत तो सापाला कुरतडतो. खायची इच्छा नसलेला साप पळणार कुठे? गोठवलेला उंदीर पिशवीसकट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, मग पिशवी गरम पाण्यात बुडवून ऊब आणावी. डोक्याकडचा भाग अंगाइतका कोमट लागला पाहिजे, नाहीतर ओठांवरचे खळगे त्याला 'खाणं' मानत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नको, आतून शिजतो आणि फुटतो. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीज असलेला बरा. ज्या घरात अंडंही चालत नाही तिथे हा विषय साप आणण्याच्या आदल्या दिवशीच मिटवावा. बऱ्याच घरांत साप याच मुद्द्यावर दाराबाहेर राहतो.

उंदीर हाताने द्यायचा नाही. लांब चिमट्यात, शक्यतो फूटभराच्या, मागच्या बाजूने धरून संध्याकाळनंतर पेटीत हलवावा, कारण हा साप रात्रीचा आहे. सापाने धरला की चिमटा सोडून मागे व्हावं. बोटांनी उंदीर देणाऱ्याकडे पिल्लू पुढच्या वेळी बोट आलं की उंदराच्याच आशेने बघतं.

याला जोडूनच एक जुना सल्ला फिरतो: सापाला नेहमीच्या पेटीत खाऊ घालू नका, नाहीतर पेटीत आलेला प्रत्येक हात त्याला खाणं वाटेल, खायला वेगळ्या डब्यात ठेवा. ऐकायला पटतं, पण बॉल पायथनच्या बाबतीत त्याचा फायदा कमी आणि तोटा जास्त. एक तर हा साप मुळात लाजाळू. उघड्या, अनोळखी डब्यात तो खातच नाही. दुसरं, खाल्ल्यावर भूक अजून चाळवलेली असताना त्याला उचलून परत पेटीत ठेवावं लागतं, आणि चावा मिळण्याची तीच सर्वांत खात्रीची वेळ. शिवाय पोट भरलेला साप हलवला की ओकतो. पेटीतच द्यावं, आणि हात व खाणं यांतला फरक दुसऱ्या रीतीने शिकवावा. ती रीत पुढे आहे.

पिल्लाने खाणं नाकारलं तर रोज पुढे करून त्याला सतावू नये. आठवडाभर थांबावं आणि पेटी तपासावी. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७ अंश, हवेत पुरेसा ओलावा आणि दोन्ही टोकांना अंग घासून बसेल अशी अरुंद लपायची जागा. मोठ्या, मोकळ्या, चकचकीत काचपेटीत पिल्लू बुजतं. रानात हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दडून राहणारा. न खाणं आणि चावणं या दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा लपायला जागा नसण्यात सापडतं. वजन उतरत चाललं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावं. जबरदस्तीने तोंडात कोंबण्याचा प्रयोग घरी करू नये.

हाताळणं

पेटीत थेट हात घालून उचलण्याआधी सापाच्या अंगाच्या मधल्या भागाला वाकड्या टोकाच्या काठीने किंवा कागदाच्या गुंडाळीने हलकेच स्पर्श करावा. डोक्याला नाही. दर वेळी हेच केलं की काही आठवड्यांत खूण पक्की होते: स्पर्श झाला म्हणजे खाणं नाही, उचलणं आहे. खाण्याच्या दिवशी हा स्पर्श करायचा नाही. वेगळ्या डब्याचं काम ही एवढी सवय करते.

मग बाजूने, न घाबरता, एका संथ हालचालीत मधोमध धरून उचलावं आणि दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. वरून झडप घालणं किंवा मान पकडणं नको. अर्धवट पुढे जाऊन मागे खेचलेला हात सर्वांत जास्त चावे खातो. धीर होत नसेल तर सुरुवातीला पातळ हातमोजे घालावेत. पहिल्या आठवड्यांत पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा-तीनदा. पुढे पंधरा मिनिटांपर्यंत. पिल्लाने फुस्स केल्याबरोबर ते खाली ठेवलं तर फुसफुसण्याचा उपयोग होतो, हे तेही शिकतं. ते सैल होईपर्यंत थांबून मग ठेवावं. तोंडावर टिचकी मारणं, ओरडणं हे साफ चुकीचं. भीतीवर आणखी भीती चढते.

खाल्ल्यावर निदान ४८ तास हात लावू नये. ओकलं तर दहा-बारा दिवस थांबून लहान उंदीर द्यावा. कात टाकण्याआधी डोळे निळसर-धुरकट होतात, त्या काळात त्याला धड दिसत नाही आणि शांत सापही चावतो. पण कारण नसताना एरवी शांत असलेला साप एकाएकी चावू लागला तर अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे, तोंडात फेस, श्वासाला घरघर आहे का ते पाहावं.

काही गारुडी सापाचे दात काढतात किंवा तोंड शिवतात. त्यावरून 'दात काढून मिळेल का' असं विचारणारेही भेटतात. दात पुन्हा येतात आणि तोवर तोंडात जखम सडून साप मरतो.

चावलाच तर

पिल्लाचा चावा म्हणजे काटेरी झुडपाचा ओरखडा. दात मागे वळलेले असतात, म्हणून हात झटकला तर जखमही वाढते आणि सापाचे दात तुटतात. धरून बसला असेल तर स्थिर राहावं. न सुटल्यास तोंडाजवळ थंड पाणी सोडावं. मग साबण-पाण्याने जखम धुवावी, धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर डॉक्टरांना विचारावं. सूज किंवा लाली वाढत गेली तर थांबू नये.

चाव्याहून नेहमीचा धोका साल्मोनेला जंतूंचा आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही ते असतात. सापाला किंवा पेटीला हात लावल्यावर दर वेळी हात धुवावेत, पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊच नये.