चाकांवरचे घर : कॅम्पर आणि ट्रेलरचे प्रकार व ते पाहण्याची रीत

भवानी पेठ, सोलापूर : कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे पायी निघणाऱ्या भाविकांच्या मागे एखादा टेम्पो हमखास असतो. त्यात सतरंज्या, पाण्याचे पिंप, शिधा आणि दमलेल्यांना टेकण्यापुरती जागा असते. आषाढी वारीतल्या दिंड्यांचे ट्रकही याच जातीचे. दिवसा ते सामान वाहतात आणि रात्री त्यांच्या आडोशाला, कधी हौद्यात तर कधी खाली, वारकरी पाठ टेकतात. चाकांवर संसार मांडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, हे यावरून ध्यानात यावे. परंतु याच गरजेसाठी मुद्दाम बांधलेले वाहन, ज्यात बिछाना, ओटा, पाण्याची टाकी व शौचालय असते, ते मात्र आपल्याकडे अजून अपरिचित आहे. अमेरिकेत वा जर्मनीत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना अशा वाहनांची प्रदर्शने पाहण्याचा योग येतो. तेथे शेकडो वाहने ओळीने उभी असतात आणि प्रत्येकाचे नाव निराळे असते. ही नावे, त्यामागील रचना आणि आपल्या रस्त्यांवरील त्यांची उपयुक्तता यांचा हा परिचय.

थोडा इतिहास

हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून ब्रिटनमधील 'वाँडरर' या गाडीचा उल्लेख केला जातो. निवृत्त नौदल डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये बांधून घेतली. ती घोड्यांनी ओढली जात असे. पुढे मोटार आली आणि घोड्यांची जागा तिने घेतली. अमेरिकेत १९३० च्या दशकात वॉली बायम यांची 'एअरस्ट्रीम' ही चकचकीत ॲल्युमिनियमची गाडी प्रसिद्धीस आली. जर्मनीत १९५० च्या दशकापासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये 'वेस्टफालिया' या कंपनीने राहण्याची सोय करून दिली. आज अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी व जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील वार्षिक प्रदर्शने या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील या उद्योगाचे माहेरघर मात्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे आहे.

आपल्याकडे या वाहनाचे जवळचे नातलग तीन. एक, जत्रांतून फिरणारा टुरिंग टॉकीजचा ट्रक. दुसरा, नारायणगावात ज्यांच्या राहुट्या पडतात त्या तमाशा फडांच्या गाड्या. तिसरी, चित्रपटसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅन. ही शेवटची गाडी आपल्याकडे रूढ करण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लों यांना दिले जाते.

दोन मूळ जाती

प्रदर्शनात शिरताच गोंधळ उडतो, कारण नावे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात जाती दोनच आहेत : स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर आणि दुसऱ्या वाहनाने ओढायचे घर. पहिल्यास मोटारहोम किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात, दुसऱ्यास ट्रेलर. बाकी सारे उपप्रकार होत.

स्वयंचलित घरे : अमेरिकेत यांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग मानतात. 'ए' वर्गातील गाडी बसएवढी असते. उभी राहिल्यावर तिच्या भिंतीचा काही भाग खणाप्रमाणे बाहेर सरकतो व दिवाणखाना रुंद होतो. 'बी' वर्ग म्हणजे साधी व्हॅन, जिच्या आतच सारे बसवलेले असते. 'सी' वर्ग या दोहोंच्या मधला. त्यात ट्रकच्या चासीवर खोली बांधलेली असते आणि चालकाच्या टपावर पुढे आलेला एक बिछाना असतो. हा टपावरचा बिछाना मुलांना सर्वांत आवडतो, तर गुडघे दुखणाऱ्या आजोबांच्या तो काडीचाही उपयोगाचा नाही.

ओढायची घरे : यांत सर्वांत साधा तो ट्रॅव्हल ट्रेलर. तो मोटारीच्या मागील हुकास जोडतात. लहान असल्यास एका आसाचा, मोठा असल्यास दोन आसांचा असतो. 'फिफ्थ व्हील' प्रकारातील ट्रेलर हुकास नव्हे तर पिकअप गाडीच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो. महामार्गावरील कंटेनरचे लांब ट्रेलर ज्या पद्धतीने जोडलेले असतात तीच ही पद्धत. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवे चाक बसवीत. त्या पाचव्या चाकावरून हे नाव पडले. 'पॉप-अप' किंवा घडीचा ट्रेलर धावताना बसक्या पेटीसारखा दिसतो. मुक्कामी छप्पर वर उचलले की कापडी भिंती उभ्या राहतात. 'टिअरड्रॉप' हा थेंबाच्या आकाराचा, दोघांच्या झोपण्यापुरता ट्रेलर असून त्याचा ओटा मागील झाकणाखाली बाहेर असतो. 'टॉय हॉलर'च्या मागच्या भागात मोटारसायकली ठेवता येतात. याखेरीज 'ट्रक कॅम्पर' हा प्रकार आहे. त्यास स्वतःची चाकेच नसतात. ती खोली पिकअपच्या हौद्यात ठेवून न्यायची आणि मुक्कामी पायांवर उतरवायची.

ट्रेलर की मोटारहोम, हा प्रदर्शनातील जुना वाद आहे. ट्रेलर मुक्कामी सोडून मोटार घेऊन गावात जाता येते व इंजिन नसल्याने त्याची देखभाल कमी असते. मात्र तो चालविण्यास सराव लागतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्यांनी गळीत हंगामात पाहिला आहे, त्यांना मागची ट्रॉली कशी डुलते हे सांगायला नको. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असा संकेत आहे. सामान मागे अधिक भरले तर हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर नागमोडी हेलकावू लागतो. मागे घेताना सुकाणू उजवीकडे वळवले की ट्रेलर डावीकडे जातो, हेही अंगवळणी पडावे लागते. गल्लीबोळांच्या गावांत आणि देवस्थानांच्या गर्दीत हे काम सोपे नाही. म्हणूनच भारतात तयार होणाऱ्या बहुतेक गाड्या मोटारहोम जातीच्या, ट्रॅव्हलर वा पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. महिंद्र कंपनीने २०२२ मध्ये बोलेरो कॅम्पर गोल्डवर आधारित कॅम्पर बनविण्यासाठी 'कॅम्परव्हॅन फॅक्टरी' या कंपनीशी सहकार्य जाहीर केले होते.

काय पाहावे?

प्रदर्शनात उभी असलेली गाडी रिकामी असते, तिला बाहेरून वीज जोडलेली असते आणि तिच्या टाकीत पाणी नसते. त्यामुळे ती सुखद वाटते. जाणत्या ग्राहकाने सजावटीकडे पाठ फिरवून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढले. चार माणसांचे सरासरी सत्तर किलोप्रमाणे २८० किलो, प्रत्येकी वीस किलो सामान धरून ८० किलो, शिवाय भांडी, गॅस, अंथरुणे. हा हिशेब सहज पाचशे किलोंवर जातो. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि तिचे रिकामे वजन यांतील फरक याहून कमी असेल, तर ती गाडी चौघांची नव्हे, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

दुसरी वीज. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम १.२ युनिट वीज मावते. लेड-ॲसिड जातीची असल्यास त्यातील निम्मीच वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने हिताचे. दिवे, पंखा व लहान फ्रीज यांना ती पुरेल. परंतु लहान वातानुकूलन यंत्रही तासाला सुमारे एक युनिट खाते. सोलापूरचा मे महिना आठवून पाहावा. 'एसी आहे' हे विक्रेत्याचे वाक्य, बाहेरून वीज जोडण्याची सोय असेल तरच खरे ठरते.

तिसरी गोष्ट पाणी आणि मैला. मोरीतून निघणारे सांडपाणी एका टाकीत व शौचालयातील मैला दुसऱ्या टाकीत साठतो. लहान गाड्यांत मैल्याची सुटी पेटी असते. ती बाहेरून ओढून काढता येते व तिची क्षमता साधारण वीस लिटरच्या घरात असते. चार माणसांना ती एखाद-दोन दिवस पुरते. मग ती रिकामी कोठे करायची, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर, हे त्याचे उत्तर असता कामा नये.

चौथी गोष्ट वावर. प्रत्यक्ष बिछान्यावर आडवे होऊन पाहावे, शौचालयात बसून दार लावून पाहावे. ज्येष्ठांना पायरी चढता येते काय, हे त्यांनाच चढवून पाहावे. छताचे कोपरे व खिडक्यांच्या कडा ओलीच्या डागांसाठी तपासाव्यात. अशा गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू अपघात नसून गळती होय.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या वर्गीकरणानुसार खासगी वापराची कॅम्पर व्हॅन वा तसा ट्रेलर हे अ-परिवहन वाहन ठरते. भाड्याने द्यायची असल्यास नियम निराळे. मोटार कॅराव्हॅनच्या प्रमाणीकरणासाठी एआयएस-१२४ हे मानक असून ट्रेलरसाठी एआयएस-११३ आहे. हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७५०० किलो असल्याने व्हॅनच्या आकाराच्या बहुतेक गाड्या त्या परवान्यावर चालविता येतात.

सर्वांत मोठी फसगत होते ती जुनी मिनीबस घेऊन गॅरेजमध्ये 'घर' करून घेण्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. परवानगीवाचून बदललेल्या गाडीच्या विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. आत गॅसची शेगडी असलेल्या गाडीबाबत ही जोखीम कोणी पत्करू नये. कामास हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची लेखी मान्यता घेणे हाच मार्ग.

मुक्काम कोठे?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणास मान्यता दिली. त्याचे दोन भाग आहेत : कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क. एका आसाची, दोन आसांची, तंबूची, घडीची असे ट्रेलरचे प्रकारही त्यात नमूद आहेत. पार्क म्हणजे पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह आणि वाहनतळ असलेली सुरक्षित जागा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने अशा पार्कचा विचार त्याआधीच मांडला होता. केरळनेही २०२१ मध्येच आपली कॅराव्हॅन योजना सुरू केली.

या धोरणातील 'पार्क' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील गाडी तेथे उपयोगी पडते, कारण रात्री ती जेथे थांबते तेथे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैला सोडण्याचे झाकण असते. हे तीन नसतील तर लाखो रुपयांची गाडी तिसऱ्या दिवशी दुर्गंधी पसरविणारी पेटी बनते. चाकांवरच्या घराचे मोल गाडीत कमी आणि ते उभे राहते त्या जागेत अधिक असते.

सोलापूरकरांसाठी हा मुद्दा हौसेपुरता नाही. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट सुमारे ४० आणि पंढरपूर सुमारे ७५. एरवी ही अंतरे सकाळी जाऊन दुपारी परतण्याची आहेत, त्यांसाठी कॅम्पर घेणे अनाठायी होय. पण नवरात्रात, कोजागरीला आणि आषाढीला भक्तनिवास व लॉज भरून जातात. तेव्हा वृद्धांना विसावा आणि स्त्रियांना स्वच्छ, बंद दाराचे शौचालय मिळणे हीच खरी अडचण असते. वारीच्या मार्गावर 'निर्मल वारी' उपक्रमाने तात्पुरती शौचालये उभारून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. वीज, पाणी व मैला-निचरा यांची सोय असलेले पक्के तळ देवस्थानांलगत झाले, तर त्यांचा लाभ कॅम्परवाल्यांनाच नव्हे, दिंडीच्या ट्रकलाही होईल.

तोवर सल्ला साधा आहे. परदेशात प्रदर्शन पाहण्याचा योग आला तर अवश्य पाहावे, सर्व प्रकारांत शिरून बसावे. खरेदीपूर्वी कुटुंबासह दोन रात्री भाड्याच्या गाडीत काढाव्यात, त्यांतील एक रात्र उन्हाळ्यातील असावी. आणि गाडी पाहून झाल्यावर विक्रेत्यास शेवटचा प्रश्न विचारावा : ही सोलापुरातून निघाली, तर रात्री कोठे उभी राहील? त्याचे उत्तर समाधानकारक असेल तरच किमतीची बोलणी सुरू करावीत.