चाकाचा तुंबा व त्याची बोल्टरचना

चाकाच्या मध्यभागी असणारा व आसाभोवती किंवा आसाबरोबर फिरणारा भाग म्हणजे तुंबा. वाहनाचे वजन चाकाकडे आणि जमिनीचे धक्के वाहनाकडे जातात, ते या भागातूनच. लाकडी चाकाचे आरे तुंब्यात कायमचे ठोकून बसविलेले असतात. मोटारीचे चाक मात्र तुंब्यापासून सुटे करता येते व बोल्ट-नटांनी आवळून बसविले जाते. या बोल्टांची संख्या व त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास या दोहोंनी चाकाची बोल्टरचना ठरते. चाकाचा व्यास वाढला की तुंबा व बोल्ट यांवरील भार वाढतो. त्यामुळे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या मोठ्या टायरांच्या वाहनांत तुंब्याच्या बळकटीला विशेष महत्त्व असते. लाकडी चाकापासून मालमोटारीच्या चाकापर्यंतचा हा बदल महाराष्ट्रात पनवेल-कामोठे (जि. रायगड) या परिसराच्या आधारे पाहता येतो.

लाकडी चाक : बैलगाडीच्या चाकात तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवरील वक्र पाटे आणि पाट्यांवर चढविलेली लोखंडी धाव असे भाग असतात. चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाशी कुणी (खीळ) घालतात. चाकासाठी बाभूळ, तिवस यांसारखी चिवट लाकडे वापरीत. धाव पाट्यांच्या परिघापेक्षा किंचित लहान करून तापवितात, प्रसरण पावलेल्या स्थितीत ती चाकावर चढवितात व पाणी ओतून थंड करतात. आकुंचन पावताना ती पाटे एकमेकांवर दाबते आणि आरे तुंब्यात घट्ट रोवते. भार येण्यापूर्वीच सर्व सांधे दाबून ठेवल्यामुळे चालताना ते हलत नाहीत. भार येण्यापूर्वी दिलेली ही पकड पुढे मोटारीच्या चाकातही निर्णायक ठरली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमधील गाड्या ओबडधोबड व जड असत. त्या ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि पुष्कळसा माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३० नंतरच्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या प्रयत्नाने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे हलक्या व मजबूत गाड्या बनविण्यास प्रारंभ झाला. त्यापूर्वीच, १८३० मध्ये, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला होता. त्यामुळे पुण्याकडील माल गाड्यांतून पनवेलला व तेथून खाडीमार्गे मुंबईस जाऊ लागला. घाट चढून-उतरून आलेल्या गाड्यांना नव्या चाकांची गरज असे. साहजिकच पनवेल हे चाके बनविण्याचे प्रमुख ठिकाण बनले. देशावरून आलेला गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जाई, अशा आशयाची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला तो १८६३ मध्ये आणि ही नोंद त्यानंतरची आहे. म्हणजे दूरच्या मालाची वाहतूक रेल्वेकडे गेल्यावरही येथील सुतार-लोहारांचा हा धंदा टिकून होता.

हवेचे टायर व सुटे चाक : जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायराचे एकस्व मिळविले. पुढे असे टायर बैलगाडीसही बसविण्यात आले. ‘डनलॉप गाडी’ हे तिचे रूढ नाव त्यावरूनच पडले. या गाडीत लाकडी तुंब्याच्या जागी धारवा (बेअरिंग) असलेला धातूचा तुंबा आणि कुणीच्या जागी बोल्टांनी आवळलेले चाक आले. टायर पंक्चर झाल्यास चाक काढावे लागते. त्यामुळे सुटे चाक ही सोयीची आणि बोल्टरचना ही सुरक्षिततेची बाब ठरली. गाडीचाक बनविणाऱ्या कारागिराची जागा कारखान्याने घेतली, तरी चाक घट्ट बसले आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी रस्त्यावरच्या माणसाकडेच राहिली.

मोटारींचे उत्पादन मुंबई परिसरात १९४७ च्या सुमारास सुरू झाले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता, तर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. जीपच्या चाकाला ५ बोल्ट असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिमी. (साडेपाच इंच) होता. डाव्या बाजूच्या चाकांना डाव्या आट्यांचे बोल्ट असत. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत हा त्यामागील हेतू होता. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या मागील आसाची रचना पूर्ण-तरंगती होती. या रचनेत वाहनाचे वजन तुंब्यातील दोन धारव्यांमार्फत आसाच्या नळीवर पेलले जाते व आतील दंड फक्त चाक फिरवितो. अर्ध-तरंगत्या रचनेत मात्र हा दंड चाक फिरवितो आणि वजनही सोसतो. त्यामुळे मोठ्या टायरांसाठी पूर्ण-तरंगती रचना अधिक योग्य ठरते.

बलविचार : चाक तुंब्यावर बोल्टांच्या काटछेदाने टांगलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे, तो बरोबर नाही. योग्य रीतीने आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो व चाकाची तबकडी तुंब्यावर दाबून धरतो. या दोन पृष्ठांमधील घर्षणानेच बहुतेक भार वाहिला जातो. बोल्ट सैल झाल्यास तो भार थेट बोल्टावर येतो, प्रत्येक फेऱ्यात बोल्ट मागे-पुढे वाकतो आणि शिणवट्याने तुटतो.

चाकाचा आकार वाढल्याने होणारा परिणाम पुढील सोप्या उदाहरणावरून समजेल. एका चाकावर ५०० किग्रॅ. भार असून जमिनीचा घर्षण गुणांक ०.८ मानल्यास चाकाच्या परिघावर जास्तीत जास्त ४०० किग्रॅ. इतके स्पर्शरेषीय बल येऊ शकते. चाकाची त्रिज्या ३६ सेंमी. व बोल्टवर्तुळाची त्रिज्या सु. ७ सेंमी. असेल, तर बोल्टवर्तुळावर सु. २,०६० किग्रॅ. म्हणजे ५ बोल्टांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास सु. ४१० किग्रॅ. बल येते. त्रिज्या ४८ सेंमी. केल्यास हाच आकडा सु. ५५० होतो. तबकडी व तुंबा यांमधील घर्षण गुणांक ०.२ धरला, तर प्रत्येक बोल्टाची किमान दाबपकड पहिल्या बाबतीत सु. २ टन, तर दुसऱ्या बाबतीत सु. पावणेतीन टन हवी. त्याच वर्तुळावर ६ बोल्ट घेतल्यास ही गरज सु. २.३ टनांवर येते. वर्तुळाचा व्यास वाढविल्यानेही असाच लाभ होतो. अवजड मालमोटारींच्या आंतरराष्ट्रीय मानकात ३३५ मिमी. व्यासाच्या वर्तुळावर १० बोल्ट असतात, त्याचे कारण हेच.

वळणावर किंवा दगडावर चाक आपटताना जमिनीलगत आडवे बल येते. त्याचा तरफभुज चाकाच्या त्रिज्येएवढा असल्याने मोठ्या चाकात तुंब्यास वाकविणारे परिबलही वाढते. रुंद चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये जाड चकती घातल्यास धारव्यांवर आणखी भार पडतो. म्हणून केवळ बोल्ट जाड करून भागत नाही. तुंबा, धारवे, आसाचे टोक व ब्रेक यांचा एकत्रित विचार करावा लागतो. खाणीतील मोठ्या डंपरांत अंतिम वेगघट तुंब्यातील ग्रहीय दंतचक्रांनी साधतात. त्यामुळे आतील दंडावर कमी पीळ येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत असा फेरबदल वाहनात करण्यास मर्यादा घातलेल्या आहेत.

कामोठे परिसर : पनवेल खाडीलगतचे कामोठे हे भातशेतीचे गाव १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या नवी मुंबई प्रकल्पात आले. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश आहे. गावालगत शीव-पनवेल महामार्ग असून शेजारच्या कळंबोलीत लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे घाटाकडे जाणाऱ्या अवजड वाहतुकीचे हे पुन्हा एक प्रमुख नाके बनले. उलवे येथील टेकडी कापून उभारलेल्या विमानतळाचे २०२५ मध्ये उद्‌घाटन झाले. अशा कामांत डंपरांची चाके दगड, चिखल व ओव्हरलोड यांच्या कसोटीस उतरतात.

या वाहनांबाबत काही साधे नियम सर्वमान्य आहेत. तबकडी व तुंबा यांच्या पृष्ठांवर गंज, माती किंवा रंगाचा जाड थर नसावा, कारण तो झिजून दबल्यावर बोल्टाचा ताण कमी होतो. नट समोरासमोरच्या क्रमाने व ठरविलेल्या पिळाने आवळावेत. चाक बदलल्यानंतर ५० ते १०० किमी. अंतरावर ते पुन्हा तपासावेत. एक बोल्ट तुटला असल्यास शेजारच्या बोल्टांवरही जादा भार पडलेला असतो, म्हणून तेही बदलणे इष्ट ठरते. भरलेल्या मालमोटारीचे निखळलेले चाक रस्त्यावरील पादचाऱ्यास प्राणघातक ठरू शकते. पनवेलचा कारागीर धाव तापवून जी पकड चाकास देत असे, ती आता पान्याच्या पिळाने द्यावयाची असते. चाक जितके मोठे, तितकी ती अधिक हवी.