चेहऱ्याची परतलेली कळ आणि दुसरी शस्त्रक्रिया

तोंड धुताना, घास चावताना, इतकेच नव्हे तर वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरी चेहऱ्याच्या एका बाजूस विजेचा झटका बसावा तशी कळ उठणे, हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकाराचे प्रमुख लक्षण होय. कळ काही सेकंदांपासून सुमारे दोन मिनिटांपर्यंत टिकते. दुखणे दातांचे समजून निरोगी दात काढून घेतलेले रुग्णही आढळतात.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूवर, तो मेंदूत शिरतो तेथे, बहुधा एखादी रक्तवाहिनी दाब देत असते. कार्बामाझेपिनसारख्या औषधांनी गुण येईनासा झाला की कानामागे कवटीस छिद्र पाडून ही रक्तवाहिनी दूर सारतात व मध्ये टेफ्लॉनचा बोळा बसवितात. अमेरिकन शल्यचिकित्सक पीटर जॅनेटा यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. त्यांच्या गटाने १९९६ मध्ये ११८५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३० टक्के रुग्णांत वेदना परतली, बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांतच, आणि ११ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

वेदना परतली म्हणजे पहिली शस्त्रक्रिया चुकलीच, असे नव्हे. टेफ्लॉन सरकलेला असू शकतो, त्याभोवती गाठ बनलेली असते किंवा दुसरीच रक्तवाहिनी टेकलेली असते. म्हणून आधी औषधे पुन्हा सुरू करून एमआरआय तपासणी करतात. दाब स्पष्ट दिसल्यास कवटी पुन्हा उघडण्यास अर्थ राहतो. मात्र जुन्या व्रणाने ऊती चिकटलेल्या असल्याने काम अधिक जिकिरीचे ठरते. दाब सापडलाच नाही, तर काही वेळा मज्जातंतूचा अंश छेदला जातो.

वयस्कर वा अशक्त रुग्णांसाठी गालातून सुई घालून उष्णता, ग्लिसरॉल किंवा फुग्याच्या दाबाचा उपाय केला जातो. गॅमा नाइफ किरणोपचारात छेद नसतो, परंतु गुण येण्यास आठवडे, कधी महिने लागतात.

हे उपाय मज्जातंतूस इजा करूनच वेदना थांबवितात. त्यामुळे चेहरा बधिर होण्याची शक्यता प्रत्येक वेळी वाढते. डोळ्याचे बुबुळ बधिर झाल्यास त्यात गेलेला कण कळत नाही व जखम चिघळते. क्वचित बधिर भागातच अखंड जळजळ सुरू होते आणि ती मूळ कळेपेक्षाही हट्टी असते. कितपत बधिरपणा सोसता येईल, हे रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पहिल्या शस्त्रक्रियेत कोणती रक्तवाहिनी आढळली होती, याची लेखी नोंदही सोबत न्यावी.