एकाच साच्याच्या दोन बंदुका, दोन निराळे फैलाव

एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यानुसार आणि एकाच महिन्यात तयार झालेल्या दोन छर्ऱ्याच्या बंदुका शेजारी ठेवल्या, तर अनुभवी जाणकारालाही त्यांत फरक दाखवता येणार नाही. मात्र त्याच दोन बंदुकांतून एकाच खोक्यातील काडतुसे कागदी लक्ष्यावर झाडली, की त्यांचे वेगळेपण लगेच उघड होते. एकीचे छर्रे मध्यभागी दाट पडतात, तर दुसरीचे दूरवर विखुरतात. एकीचा मारा नेम धरलेल्या जागी पडतो आणि दुसरीचा वीतभर वर किंवा डावीकडे. या भेदाची कारणे केवळ नेमबाजांच्या कुतूहलापुरती मर्यादित नाहीत. गोळीबाराच्या खटल्यात गोळी किती अंतरावरून झाडली, या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळदा याच फैलावावर अवलंबून असते.

रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात आणि तिच्यातून एकच गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असून एका बारात शिशाचे दोनशे ते चारशे बारीक छर्रे एकदम सुटतात. प्रत्येक छर्ऱ्याचा मार्ग थोडा निराळा असल्याने लक्ष्यावर ठिपक्यांचा एक पुंजका उमटतो. तो मोजण्याची रूढ पद्धत अशी : ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.५ मीटर अंतरावरून मोठ्या कागदावर बार टाकायचा, ठिपके जिथे सर्वांत दाट असतील तिथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि काडतुसातील एकूण छर्ऱ्यांपैकी शेकडा किती त्यात पडले ते मोजायचे.

चोकचे गणित

या प्रमाणावर सर्वाधिक परिणाम करतो तो ‘चोक’, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचित निमुळतेपणा. इंग्लंडमधील पेप आणि अमेरिकेतील रोपर यांनी १८६६ मध्ये या कल्पनेची पेटंटे घेतली होती. तथापि तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी. ‘द फील्ड’ या नियतकालिकाने १८७५ मध्ये लंडन येथे घेतलेल्या चाचण्यांत चोक असलेल्या नळ्यांनी साध्या नळ्यांना मागे टाकले आणि हा वाद मिटला.

अजिबात चोक नसलेल्या नळीतून ४० यार्डांवर वर्तुळात साधारण ४० टक्के छर्रे पडतात. अर्ध्या चोकचे प्रमाण ६० टक्के, तर पूर्ण चोकचे ७० टक्के मानले जाते. हा सारा फरक घडवणारा निमुळतेपणा असतो तो केवळ एक मिलिमीटरचा. अर्धा चोक म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि पाव चोक म्हणजे पाव मिलिमीटर.

समानतेचा भ्रम इथेच फुटतो. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशापासून समान आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एकीच्या व्यासाइतकी नळी. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. प्रत्यक्षात मात्र नळ्या त्याहून थोड्या अरुंद वा रुंद निघतात. समजा, दोन नळ्यांचे तोंड अगदी १८ मिलिमीटरचे आहे, पण आतला व्यास एकीचा १८.३ आणि दुसरीचा १८.५ आहे. पहिलीचा निमुळतेपणा ०.३, तर दुसरीचा ०.५ मिलिमीटर झाला. दोन्हींवर ‘अर्धा चोक’ असाच शिक्का असला, तरी पहिली बंदूक पाव चोकसारखी वागेल. पेचाने बसवता येणाऱ्या सुट्या चोकनळ्यांनाही हेच गणित लागू पडते.

याशिवाय काडतूस बसते ती जागा आणि मूळ नळी यांना जोडणारा उतार, चोकचा आकार व लांबी, आतला खरखरीतपणा आणि अनेक वर्षांच्या वापराने साचलेले शिसे या गोष्टी प्रत्येक बंदुकीत थोड्याफार निराळ्या असतात.

छर्ऱ्यांचे हाल

दारू पेटते तेव्हा छर्ऱ्यांचा ढीग निमिषार्धात सेकंदाला सुमारे ४०० मीटर इतका वेग घेतो. त्या धक्क्याने तळाचे छर्रे चेपतात आणि कडेचे छर्रे नळीला घासून सपाट होतात. चेपलेल्या छर्ऱ्याला हवेचा विरोध अधिक होतो. तो मागे पडतो आणि बाजूला भरकटतो. शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कठीण केले, अथवा प्लॅस्टिकच्या पेल्यात ठेवले, तर फैलाव आवळतो. जुन्या पद्धतीच्या नमद्याच्या चकत्या वापरल्या, तर तो सहसा पसरतो. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनलेली १२ बोअरची काडतुसे भारतातील परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. ती आणि परदेशी स्पर्धांसाठी बनलेली काडतुसे एकाच बंदुकीतून समान फैलाव देतील, अशी अपेक्षा धरता येत नाही. एकाच बनावटीच्या दोन बंदुकांनाही निरनिराळी काडतुसे मानवतात.

नशिबाचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही. तीनशे छर्ऱ्यांच्या काडतुसाचे सरासरी ६० टक्के छर्रे वर्तुळात पडत असतील, तर अपेक्षित संख्या १८० होते. तरीही निव्वळ संभाव्यतेच्या नियमानुसार ती एका बारात १६५, तर पुढच्या बारात १९५ भरू शकते. म्हणूनच प्रत्येकी एक बार टाकून दोन बंदुकांची तुलना करणे निरर्थक ठरते. किमान पाच, शक्य तर दहा बारांची सरासरी घेतल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

मारा कुठे पडतो?

फैलाव किती, हा एक प्रश्न झाला. तो कुठे पडतो, हा दुसरा. दुनळी बंदुकीच्या नळ्या समांतर नसतात. दोघींचा मारा ठरावीक अंतरावर एकत्र यावा, अशा बेताने त्या एकमेकींकडे किंचित कलवून डाक देऊन जोडलेल्या असतात. हा कल जुळवणे हे हातकौशल्याचे काम असून त्यातील बारीकशी चूक लक्ष्यावर वीतभर दिसते. नळी पूर्णपणे सरळ करणे हीही एक कला होती. जुने कारागीर नळीतून उजेडाकडे पाहत आणि आत पडणाऱ्या सावलीची रेषा वाकडी दिसेनाशी होईपर्यंत तिला ठोकून सरळ करीत.

त्यातच छर्ऱ्याच्या बंदुकीला मागचा नेमदर्शक बहुधा नसतो. त्याची जागा नेमबाजाचा डोळाच घेतो. दस्त्यावर गाल टेकल्यावर डोळा किती उंचीवर येतो, यावर माऱ्याची उंची ठरते. डोळ्यापासून नळीचे टोक सुमारे ९० सेंटिमीटर दूर असेल आणि दस्त्याची वरची कड तीन मिलिमीटरने उंच असेल, तर ४० यार्डांवर मारा सुमारे १२ सेंटिमीटर वर सरकतो. दस्ता लाकडी असतो आणि माणसांचे चेहरे एकसारखे नसतात. म्हणून भावाच्या हाती अचूक चालणारी बंदूक दुसऱ्या भावाच्या हाती चुकते.

स्पर्धात्मक नेमबाजीत ही तफावत निर्णायक ठरते. ट्रॅप प्रकारात ११० मिलिमीटर व्यासाची मातीची चकती वेगाने वर आणि दूर जात असते. त्यामुळे ट्रॅपच्या बंदुका मुद्दामच थोड्या वर मारणाऱ्या बनवतात आणि दुसऱ्या बाराला चोक अधिक ठेवतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले ते डबल ट्रॅप या प्रकारात. हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. या दर्जाचे खेळाडू बंदूक केवळ नावावरून स्वीकारत नाहीत. ते तिला कागदावर पारखतात आणि दस्ता स्वतःच्या मापाचा करून घेतात.

न्यायालयातील प्रश्न

खेळात चूक झाली, तर एक चकती निसटते. न्यायालयात मात्र माणसाचे आयुष्य पणाला लागलेले असते. झटापटीत बंदूक सुटली, असे आरोपी म्हणतो आणि दुरून नेम धरून मारले, असे फिर्यादी पक्ष म्हणतो. अशा वेळी जखमेतील छर्ऱ्यांचा फैलाव हा महत्त्वाचा पुरावा असतो. एक-दीड मीटरपर्यंत छर्रे बहुधा एकत्रच शिरतात आणि एकच भोक पडते. त्यापुढे ते सुटे होऊ लागतात. जितके यार्ड अंतर तितके इंच फैलाव, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तथापि चोक, नळी आणि काडतूस यांनुसार तो पुष्कळच चुकू शकतो. नळी कापून आखूड केली असेल, तर तोंडाचा चोकच नाहीसा होतो. छर्रे आधी दारावर वा जाड कपड्यांवर आदळले असतील, तर ते परस्परांवर आपटून अधिक पसरतात आणि अंतर प्रत्यक्षाहून जास्त भासते.

म्हणूनच न्यायवैद्यक शास्त्राचा दंडक असा, की चाचणी त्याच बंदुकीतून आणि शक्यतो त्याच गटातील काडतुसांनी, निरनिराळ्या अंतरांवरून घ्यावी. ‘त्याच बनावटीची दुसरी बंदूक’ हा समाधानकारक पर्याय नव्हे. या शास्त्रात बंदुकीची ओळखही अशीच व्यक्तिगत असते. गुळगुळीत नळीमुळे छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही. परंतु रिकाम्या काडतुसाच्या बुडावर उमटलेल्या पिनच्या खुणांवरून ती बहुधा ओळखता येते. त्या खुणाही एकाच साच्याच्या दोन बंदुकांच्या सारख्या नसतात.

बंदुकीवर कोरलेले नाव, बोअर आणि चोक यांवरून ती कशी असावी, एवढेच कळते. ती प्रत्यक्षात कशी आहे, हे त्याच बंदुकीतून त्याच काडतुसाने कागदावर उमटवलेल्या ठिपक्यांनाच विचारावे लागते.